काय केलं, का केलं, काय उरलं

ताईचा घसा ऑफिसला पोचण्याआधीच अर्धा संपलेला असायचा. घरी बाबांना ऐकू कमी यायचं. कानाचं यंत्र होतं, पण ते बाबांनी कपाटात नीट गुंडाळून ठेवलं होतं. घातलं की माणसांपेक्षा भांडीच जास्त बोलतात, अशी त्यांची तक्रार. त्यामुळे चहा झाकून ठेवलाय, गोळी घ्या, बेल वाजली तर आधी कोण आहे ते विचारा, हे सगळं ताईनं स्वयंपाकघरातून, बाथरूमच्या दारातून, चपला घालता घालता तीन-तीनदा ओरडून सांगायचं आणि बाबांनी चौथ्यांदा शांतपणे विचारायचं, "काय म्हणालीस?" नवऱ्याची नोकरी फिरतीची. तो रोज सकाळी फोन करून बाबांची चौकशी करायचा आणि तेव्हाही तोंड उघडावं लागे ते हिलाच.

ऑफिसात पाऊल टाकलं की उभी मीटिंग. कंपनी छोटी होती, बस कंपन्यांना ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावून देणारं सॉफ्टवेअर बनवायची. कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, किती वाजता चढणार, किती वाजता उतरणार, मध्ये विश्रांती किती, हे सगळं त्यात. ताई टीमची प्रमुख. सगळे तिला ताईच म्हणायचे, वयानं मोठे असलेले साहेबसुद्धा. मीटिंगच्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि जुने मॉनिटर रचून ठेवलेले, म्हणून सगळे पाण्याच्या यंत्रापाशी गोल करून उभे राहायचे. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढंच प्रत्येकानं सांगायचं. उभं राहिलं की माणसं थोडक्यात आटोपतात, असं साहेब कुठेतरी शिकून आले होते. पण ज्याला बोलायचंय तो उभ्यानंही बोलतो. आणि टीममध्ये रेडिओ होती.

रेडिओ म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारी बाई. नाव चांगलं होतं तिचं, पण एकदा सुरू झाली की थांबत नाही म्हणून कोणीतरी रेडिओ म्हटलं आणि तिनंही हसून ते अंगाला लावून घेतलं. दुसऱ्यांनी केलेलं काम वापरून बघायचं, चुका शोधायच्या, हे तिचं काम. चूक सांगताना ती कशी सापडली, सापडली तेव्हा आपण काय खात होतो, अशीच चूक दोन वर्षांपूर्वी कोणी केली होती, इथपर्यंत जायची. लांब्या नावाचा तरणा प्रोग्रामर तोवर यंत्रातून दोन पेले पाणी पिऊन मोकळा व्हायचा. ताईला मान हलवत उभं राहावं लागे. मीटिंग संपली की साहेबांना सगळं थोडक्यात पुन्हा सांगायचं, मग ग्राहकाच्या फोनवर तेच तिसऱ्यांदा. संध्याकाळी रिकाम्या लिफ्टमध्ये उभी राहिली की कोणी बोलत नाहीये, एवढ्या कारणानं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

अशात काका परत आले.

काका टीममधले सगळ्यात जुने. ताई नोकरीला लागली तेव्हा तिला काम शिकवलं ते त्यांनी. टीमचं प्रमुखपद आधी त्यांनाच देऊ केलं होतं, पण माणसं सांभाळणं आपल्याला जमणार नाही म्हणून त्यांनी हात जोडले आणि ताईचं नाव पुढे केलं. चारचौघांत ते तिला ताई, तुम्ही असं म्हणायचे. दोघंच असले की अगं-तुगं. त्यांच्या घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. गाठ वाईट नव्हती ही देवाची कृपा, पण स्वरयंत्राचा थोडा भाग काढावा लागला. बऱ्याच दिवसांच्या रजेनंतर ते कामावर आले ते अंगानं अर्धे होऊन आणि आवाज घरी ठेवून आल्यासारखे.

आवाज अगदीच नव्हता असं नाही. जाड पोतं खडबडीत फरशीवरून ओढावं तसा काहीतरी निघायचा. मध्येच हवाच बाहेर पडायची, शब्द आतच राहायचा. पहिल्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांची पाळी आली तेव्हा सगळे नको इतके गप्प झाले. काका बोलायला लागले. "काल मी... ड्युटीची... " आणि अडले. लांब्यानं चांगल्या मनानं वाक्य पुरं केलं, "ड्युटीची यादी बघितली, हो ना काका?" काकांनी मान हलवली. दुसऱ्या वाक्यालाही तेच. मग साहेब आले, त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, की काका, तुम्ही कशाला त्रास करून घेता, तुमच्या वतीनं ताई सांगतील. सगळ्यांना हायसं वाटलं. काकांनी पुन्हा मान हलवली, पण त्यांचे कान लालबुंद झाले होते ते ताईनं पाहिलं.

पुढच्या आठवड्यापासून काका उशिरा यायला लागले. मीटिंग संपून सगळे आपापल्या जागी बसले की काका दारातून आत यायचे, पाण्याच्या यंत्राकडे एकदा बघायचे आणि मुकाट्यानं जाऊन बसायचे. एक दिवस झालं, दोन दिवस झालं, मग रोजचंच. ज्या माणसानं आपल्याला या धंद्यातलं अ आ ई शिकवलं, तो चारचौघांत बोलायला लागू नये म्हणून तोंड लपवून येतोय, असं तिच्या मनानं घेतलं. काकांना बाजूला घेऊन विचारावं असं एकदा वाटलं. पण विचारायचं म्हणजे त्यांना बोलायला लावायचं. आणि खरं सांगायचं तर तिच्यातही तेवढं त्राण नव्हतं. न विचारताच काहीतरी करता आलं तर बरं, असं तिला वाटलं.

तिनं जे केलं ते असं. टीममधल्या सगळ्यांचं काम एका जागी साठवलेलं असतं, त्याला ही मंडळी रेपो म्हणतात. कोणी त्यात बदल करून तो जमा केला की त्याला कमिट म्हणायचं, आणि कमिट करताना काय बदललं ते दोन ओळींत लिहायचं अशी पद्धत. पद्धत म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात लांब्याचे मेसेज असायचे 'बदल', 'पुन्हा बदल', 'आता तरी चाल बाबा'. ताईनं एका दुपारी बसून एक हुक लिहिला. हुक म्हणजे कमिट करताना आपोआप चालणारा छोटासा प्रोग्राम, दारावरच्या राखणदारासारखा. काय केलं, का केलं आणि काय उरलं, या तीन ओळी नसतील तर हा राखणदार कमिट आतच घेणार नव्हता. तिन्ही असल्या तर बदल आत जाणार आणि तो मेसेज त्याच क्षणी टीमच्या ग्रुपवर सगळ्यांच्या फोनमध्ये पोचणार. मग सकाळी उभं राहून तेच सांगायची गरज काय?

साहेबांना तिनं एवढंच सांगितलं, की रोजचा अर्धा तास वाचेल. अर्धा तास गुणिले माणसं गुणिले महिना, असा हिशेब साहेबांनी मनातल्या मनात केला आणि खूश झाले. टीमला तिनं ग्रुपवरच कळवलं: उद्यापासून मीटिंग बंद, जे सांगायचं ते कमिटमध्ये. काकांचं नाव तिनं कुठेही घेतलं नाही. आपण एका माणसाची लाज झाकली आणि कोणाला पत्ताही लागू दिला नाही, या विचारानं त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. ऑफिसात फक्त कीबोर्डचा आवाज. लांब्यानं राखणदाराला चकवायचा प्रयत्न करून पाहिला. त्याचा मेसेज आला: काय केलं, काम. का केलं, पगार. काय उरलं, आयुष्य. राखणदार बिचारा तीन ओळी मोजून आत सोडणारा, त्यानं सोडला. सगळे आपापल्या जागी हसले आणि ताईनं लांब्याला समज दिली, तीही लिहूनच. हळूहळू त्यालाही वळण लागलं.

काकांचे मेसेज मात्र वाचण्यासारखे असायचे. बोलताना जे अडायचं ते लिहिताना धो धो वाहायचं. जुना कोड असा का लिहिला होता, तेव्हा कोणत्या डेपोचा काय हट्ट होता, आता तो का बदलतोय, हे सगळं ते इतकं नीटस मांडायचे, की लांब्यासुद्धा म्हणाला, शाळेत असं कोणी शिकवलं असतं तर मी पहिला आलो असतो. ताईला वाटलं, बरोबर केलं आपण. काका अजूनही उशिराच यायचे. मीटिंग नाही, तरी त्याच वेळेला, दमल्यासारखे. हे तिच्या नजरेला पडायचं, पण आता सवय झाली असेल, असं म्हणून ती पुन्हा मॉनिटरमध्ये डोकं घालायची.

रेडिओचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला होता. ती ताईच्या टेबलाशी येऊन म्हणाली, "ताई, मी काय कमिट करू? मी काही बनवतच नाही. मी फक्त चुका शोधते." ताईनं तिला सांगितलं, की चुकांची यादी आहे ना आपली, त्यात लिहीत जा. रेडिओ तिथेच थोडी रेंगाळली. अजून काहीतरी सांगायचं होतं, पण ताईचा फोन वाजला आणि तिनं हातानंच थांब अशी खूण केली. फोन संपला तेव्हा रेडिओ जागेवर जाऊन बसली होती. त्यानंतर ती यादीत लिहीत राहिली. यादीला हुक नव्हता. ती कोणाच्या फोनमध्ये जात नव्हती. ज्याला बघायची त्यानं उघडून बघायची, आणि कामाच्या रगाड्यात ती उघडायला कोणाला फुरसत? रेडिओ दुपारी एकटीच डबा खायला लागली. ऑफिस इतकं शांत कसं झालं, असं बाहेरून आलेल्या एका माणसानं विचारलं, तेव्हा साहेब अभिमानानं म्हणाले, "शिस्त."

घरीही ताईनं तीच युक्ती लावली. बाबांना ती शेजारच्या खोलीतून फोनवर मेसेज करायला लागली. जेवण वाढलंय. बाबा वाचायचे, यायचे, जेवायचे. 'काय म्हणालीस' हे विचारणं थांबलं. घसा वाचला. एकदा बाबांनी जेवता जेवता विचारलं, "तुला बरं नाहीये का?" तिनं बरी आहे अशी मान हलवली.

बऱ्याच आठवड्यांनी एका मोठ्या बस कंपनीसाठी नवी आवृत्ती द्यायची होती. त्यात विश्रांतीचा हिशेब बदलला होता. एक ड्युटी संपून दुसरी सुरू होईपर्यंत ड्रायव्हरला ठरावीक तास झोप मिळालीच पाहिजे, असा नियम, आणि तो हिशेब काकांनी नव्यानं लिहिला होता. त्यांचा मेसेज नेहमीसारखा लांबलचक होता. लांब मेसेज आला की फोन फक्त वरच्या काही ओळी दाखवतो. पुढचं वाचायला त्यावर बोट दाबून तो उघडावा लागतो. पहिल्या दिवसांत सगळे उघडायचे. आता दिवसाला ढीगभर मेसेज यायचे आणि काका म्हणजे व्यवस्थितच असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ताईनं वरच्या ओळी पाहिल्या, अंगठ्याची खूण टाकली आणि तीन दिवसांनी आवृत्ती पाठवायला लांब्याला हिरवा कंदील दिला.

दुसऱ्या दिवशी ती दात घासत असतानाच साहेबांचा फोन आला. त्या बस कंपनीच्या एका डेपोत पहाटेच्या गाड्या सुटल्याच नव्हत्या. मध्यरात्र उलटून गाडी लावून घरी गेलेल्या ड्रायव्हरांची नावं पहाटेच्या पहिल्या ड्युटीवर आली होती. काहींनी यायला साफ नकार दिला, काही तारवटलेल्या डोळ्यांनी आले, आणि डेपोच्या अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे बघून चाव्या स्वतःच्या खिशात टाकल्या. शहाणा माणूस. कोणाला काही झालं नाही, पण थांब्यावर माणसांची ही गर्दी, कोणी दवाखान्याला निघालेलं, कोणी परीक्षेला, आणि डेपोच्या फोनवर शिव्यांचा पाऊस.

चूक सापडायला वेळ लागला नाही. रात्री बारानंतर संपलेली ड्युटी प्रोग्रामला आदल्या रात्रीची वाटत होती. साडेबाराला घरी गेलेल्या माणसाला पूर्ण एक दिवस झोप मिळाली, असा त्याचा हिशेब. दुपारपर्यंत दुरुस्ती करून पाठवली, तरी साहेबांचा पारा उतरला नव्हता. त्यांनी सगळ्यांना पाण्याच्या यंत्रापाशी उभं केलं. तिथे उभं राहायची सवयच गेली होती, कोणी कुठे उभं राहायचं हेही कळेना. हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं साहेबांनी विचारलं.

काकांनी फोन पुढे केला. त्यांचा मेसेज उघडलेला होता आणि बोट शेवटच्या ओळीवर. काय उरलं: मध्यरात्र ओलांडणाऱ्या ड्युट्यांवर हा हिशेब अजून तपासलेला नाही, तपासल्याशिवाय पाठवू नये.

रेडिओ हळू आवाजात म्हणाली, "मी तपासलं होतं." मध्यरात्रीनंतर संपणाऱ्या ड्युट्यांचा हिशेब चुकतोय, असं तिनं यादीत लिहिलं होतं, दोन दिवस आधी. ठळक अक्षरांत.

लिहिलं सगळ्यांनी होतं, सांगितलं कोणीच नव्हतं. आणि वाचायचं काम जिचं होतं, तिनं अंगठा टाकून पुढे पाठवलं होतं. ताईनं साहेबांना तिथेच सांगितलं, की ही माझी चूक, मी शेवटपर्यंत वाचलं नाही. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि उद्या बघू म्हणून केबिनमध्ये गेले.

ऑफिस सुटायच्या वेळेला एकेक जण काढता पाय घेत गेला. काका बसून होते. ताई त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. दिवसभर बोलून तिचा आवाजही बसला होता. ती म्हणाली, "काका, इतकं महत्त्वाचं होतं, तर तुम्ही येऊन मला सांगायचं तरी."

काकांनी घसा साफ केला. साफ होण्यासारखं काही नव्हतं, सवयीनं केला.

"कधी सांगू?" ते म्हणाले. शब्द एकेक करून येत होते. "बोलायची वेळ... तूच बंद केलीस."

मग तिनं ठरवलं, की आता सांगूनच टाकावं. ती म्हणाली, की मीटिंग बंद केली ती तुमच्यासाठीच. तुम्ही टाळताय असं वाटलं मला. उशिरा यायला लागलात. सगळ्यांसमोर बोलायचा तुम्हाला त्रास होतो, म्हणून मी...

काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी नुसता गोंधळला आणि मग त्यांना कळलं.

मग जे त्यांनी सांगितलं ते सांगायला त्यांना बराच वेळ लागला. ताई मध्ये एकदाही बोलली नाही. सांगितलं ते असं. ते रोज सकाळी आवाजाच्या व्यायामाला जात होते. दवाखान्यात एक बाई आहे, ती आवाज पुन्हा कमवायला शिकवते. लवकरची वेळ मागितली होती, मिळाली नाही. तिथून निघून दोन बस बदलून यायचं, म्हणून उशीर. ती बाई म्हणते, भिंतीशी बोलून आवाज येत नाही, माणसांशी बोला, रोज बोला, अडलात तरी बोला. घरी काकू बोलू देत नाहीत. टाके उसवतील अशी त्यांना भीती. काकांनी तोंड उघडलं की त्या पाण्याचा पेला पुढे करतात आणि स्वतःच बोलत सुटतात. राहिली ऑफिसातली सकाळची मीटिंग. ती अर्धा तास पुढे ढकलाल का, असं ते ताईला विचारणारच होते. त्या बाईकडे वाक्य पाठ करून घेत होते, विचारताना अडायला नको म्हणून. आणि वाक्य पाठ झालं त्याच संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला, की मीटिंग बंद.

"मला वाटलं," काका म्हणाले, "माझा आवाज... ऐकवत नाही तुम्हा लोकांना."

"मला वाटलं तुम्हाला लाज वाटते."

"वाटते की." काका थांबले, श्वास घेतला. "म्हणून काय बोलायचं नाही?"

ताईनं कपाळ दोन्ही हातांत धरलं. तिला रडावंसंही वाटलं आणि टेबलावर डोकं ठेवून झोपावंसंही, आणि यातलं जास्त काय वाटतंय ते ठरवायलाही अंगात जोर नव्हता. थोड्या वेळानं ती म्हणाली, की सगळंच तुमच्यासाठी केलं, असं म्हणणं खोटं होईल. मी स्वतःच बोलून बोलून विटले होते. कोणी काही सांगू नये, कोणी काही विचारू नये, असं झालं होतं मला. तुमचं निमित्त सापडलं.

काका हसले. हसणं आता नुसती हवा झालं होतं, खांदे हलायचे तेवढेच. "अगं," ते म्हणाले, "विचारायचं होतंस ना एकदा."

एवढंच.

दुसऱ्या दिवशी साहेब नवा बेत घेऊन आले. रोज सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग, प्रत्येक कमिटवर तिघांच्या सह्या. ताईनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मध्येच थांबवलं. मीटिंग एकच, अर्धा तास उशिरा, काका पोचल्यावर. हुक राहील, कारण काय तपासायचं राहिलंय ते काकांनी त्या मेसेजमध्येच तर लिहून ठेवलं होतं. पण 'काय उरलं' ही ओळ आता सगळ्यात वर येईल, म्हणजे फोनमध्ये तीच आधी दिसेल. आणि रेडिओच्या यादीलाही हुक लागेल. तिनं चूक लिहिली की ती सगळ्यांच्या खिशात वाजेल. साहेबांना हे सगळं त्यांनीच सुचवल्यासारखं वाटावं म्हणून ताईनं दोनदा "तुम्ही म्हणता तसं" असं म्हटलं. साहेब तयार झाले.

रेडिओशी बोलणं त्याहून अवघड गेलं. ताई दुपारी डबा घेऊन तिच्या टेबलापाशी जाऊन बसली आणि म्हणाली, की तुला काहीतरी सांगायचं होतं ना त्या दिवशी, मी फोनवर होते. रेडिओला आठवेना. मग म्हणाली, की काही विशेष नसेल, मी बडबडतेच. मग डब्याचं झाकण लावता लावता तिनं सांगितलं, की मीटिंग बंद झाल्यावर आधी चार दिवस बरं वाटलं होतं, नंतर वाटलं आपण कामाला येतो का हेच कोणाला माहीत नाही. ताईनं ऐकून घेतलं. त्यावर समजुतीचं काही बोलायचं तिनं टाळलं. त्या आठवड्यात चुकांची यादी एकापाठोपाठ एक सगळ्यांच्या खिशात वाजायला लागली, तेव्हा लांब्या म्हणाला, की रेडिओ पुन्हा लागला, आणि रेडिओ खरोखर खूश झाली.

मीटिंग पुन्हा सुरू झाली. पहिली पाळी काकांची, आणि कोणी त्यांचं वाक्य पुरं करायचं नाही, एवढा एकच नियम ताईनं घातला. वाटलं होतं त्यापेक्षा तो पाळणं फार जड होतं. काका मध्येच अडायचे आणि अडलेलेच राहायचे. पुढचा शब्द सगळ्यांना दिसत असायचा, अगदी ओठांवर आलेला. लांब्या या पायावरून त्या पायावर व्हायचा. रेडिओ ओढणीचं टोक तोंडात धरून ठेवायची. यंत्रातून पाण्याचा बुडबुडा गुडगुड करून वर यायचा तेवढाच आवाज. आणि मग काका तो शब्द कुठून तरी ओढून बाहेर काढायचे, कधी कधी सगळ्यांना वाटत होता त्याहून वेगळाच. कधी तर तसेच सोडून द्यायचे, हातानं जाऊ दे म्हणायचे आणि जाऊन कमिटमध्ये लिहायचे. मीटिंग पूर्वीपेक्षाही लांबली. ताईचा थकवा काही गेला नाही. कुठे जाणार? घरचं तेच, ऑफिसचं तेच, त्यात हे.

आवाजात फरक पडतोय का, हे रोज ऐकणाऱ्याला कळत नाही. काकांना कळत असावं. ते आता कामाशिवायचंही एखादं वाक्य टाकायला लागले होते. बस उशिरा आली, व्यायामाची बाई आज चिडली होती, असलं काहीतरी.

एका सकाळी ताई नेहमीच्या जागी भिंतीला टेकून उभी होती. आदल्या रात्री बाबांना ताप होता, तिची झोप झाली नव्हती. काका बोलायला लागले. त्यांच्या आवाजाला एक संथ खरखर आली होती, दूरवर कोणी अंगण झाडत असावं तशी. ताईनं ऐकण्यासाठी म्हणून डोळे मिटले आणि उभ्या उभ्या तिची मान कलली.

जाग आली ती शांततेनं. सगळे तिच्याकडेच बघत होते. काकांचं कधीच बोलून झालं होतं. लांब्यानं नंतर सांगितलं, की त्या दिवशी ते एकदाही अडले नव्हते, आणि तुम्हालाच तेवढं ऐकायला मिळालं नाही.

ताई ओशाळली. तिनं डोळे चोळले. "काका, माफ करा," ती म्हणाली, "काय म्हणालात?"

काका क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेल्यातलं घोटभर पाणी घेतलं, पेला यंत्रावर ठेवला, पाय जरा फाकवून नीट उभे राहिले आणि म्हणाले, "पुन्हा सांगतो." आणि पहिल्यापासून सगळं, कुठेही घाई न करता, पुन्हा सांगितलं.